‘आधी’ म्हणजे मी

“‘आधी’ कोण?” अद्वैत सरांनी विचारलं.

उत्तराची गरजच नव्हती. अख्ख्या ऑफिसच्या माना माझ्याकडे वळल्या. मग कोणीतरी हसलं, आणि सगळेच हसले. मीही हसले. आज मला सगळ्यात जास्त चीड येते ती त्या माझ्या हसण्याची.

आमच्या एजन्सीकडे आलेली ही जाहिरात एका क्लासची होती. इंग्रजी बोलायला शिकवणार, चारचौघांत वावरायला शिकवणार. एका चौकटीत दोन फोटो. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. डावीकडची मुलगी गबाळी, घाबरलेली. उजवीकडची ब्लेझर घालून, हाताची घडी घालून हसणारी. बाहेरून मॉडेल कशाला आणायची? ऑफिसात दोन शिकाऊ मुली होत्याच. एक कोथरूडची ईशा आणि एक मी. दोघी एकाच दिवशी रुजू झालेल्या, एकाच कामावर.

मला खिडकीजवळच्या पांढऱ्या भिंतीपाशी उभं केलं. मेकअप करणारी बाई ईशासाठी आली होती. माझ्याकडे बघून तिने विचारलं, “हिचं काय करायचं?”

“काही नाही,” सर म्हणाले. “आहे तशीच राहू दे. फक्त तेल लावा. भरपूर.”

बाईने बाटली उघडली आणि सरळ माझ्या डोक्यावर ओतली. ‘लावू का’ नाही, ‘मान खाली कर’ नाही. तेल कपाळावरून भुवईत आलं, तिथून डोळ्यात गेलं. ती माझे केस चापूनचोपून बसवत होती आणि वर बघून सरांना विचारत होती, एवढं पुरे का अजून. वेणी घट्ट घातली. तिला लाल रिबीन बांधली. शाळा सुटल्यापासून मी रिबीन बांधली नव्हती.

“ओढणी दोन्ही खांद्यांना पिन करा. आणि तिची ती बॅग द्या, पोटाशी धरायला.”

मग कॅमेऱ्यामागून सर म्हणाले, “आता चेहऱ्यावर तेच आण. पहिल्या दिवशी आली होतीस ना, चपला काढून? तेव्हा होतं ते.”

ते मला आणावं लागलं नाही. आपसूक आलं.

“परफेक्ट! बघा, याला म्हणतात ऑथेंटिक.”

माझ्यानंतर ईशा उभी राहिली. तिचे केस मोकळे, पायात टाचांचे बूट. ती ‘नंतर’ झाली. म्हणजे क्लास लावून बदलली कोण, तर दुसरीच मुलगी. हे कोणाला विचित्र वाटलं नाही. मलाही त्या दिवशी वाटलं नाही. मी बाथरूममध्ये हात धुवायच्या साबणाने डोकं धुतलं आणि जागेवर जाऊन बसले. संध्याकाळी मनपाच्या थांब्यावरून वाघोलीची बस धरली, तेव्हा शेजारच्या बाईने नाक मुरडून खिडकी उघडली. तेल निघालं नव्हतं.

पहिल्या दिवसाचं सांगायला हवं, नाहीतर ‘ते’ म्हणजे काय ते कळणार नाही.

मी वर्धा जिल्ह्यातली. गावात एसटीच्या थांब्याला लागून बाबांचं केस कापायचं दुकान आहे. एक खुर्ची, एक मोठा आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडं. आम्ही नाभिक. पुण्यात आडनाव सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर थांबतो, मनात त्याचं गणित होतं, आणि मग तो “अच्छा” म्हणतो. त्या ‘अच्छा’त सगळं येतं.

बाबांची एक रीत होती. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, अंगावर कापड टाकलं, तरी डोक्याला हात लावायच्या आधी विचारणार. “लावू काय हात?” पाटील असो, नाहीतर पाटलाचं शेंबडं पोर. लोक हसायचे. म्हणायचे, केस कापायलाच आलो ना बे, विचारतो काय? बाबा म्हणायचे, “डोस्कं तुमचं हाये.” बास, एवढंच. सगळं झालं की लहान आरसा मानेमागे धरायचे, इकडून दाखवायचे, तिकडून दाखवायचे. मी बाकड्यावर बसून अभ्यास करायचे आणि बघायचे. खुर्चीत बसायचा तोच माणूस खुर्चीतून उठायचा. दाढी गेलेली असायची, पण माणूस तोच असायचा.

बी.कॉम. झाले आणि पुण्याला आले. डिजिटल मार्केटिंगमध्ये शिकाऊ म्हणून घेतात असं आमच्याकडच्या एका मुलीने सांगितलं. वर्षभर काम करत करत शिकायचं, वर्ष संपलं की सर्टिफिकेट, आणि चांगलं काम केलं तर कायम. बाबांना फोनवर समजावून सांगितलं.

“जाहिरातीचं काम हाय, बाबा. मोबाईलवरचं.”

“भिती रंगवतेत तसं?”

“तसंच. भित मोबाईलची.”

बाबांनी दुकानात आल्या-गेल्या प्रत्येकाला ते सांगितलं. पोरगी पुण्यात जाहिरातीत हाये. एवढं त्यांनी मिरवलं म्हणूनच पुढचं सगळं जास्त लागलं.

ऑफिस कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीत, एका बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर. काचेचं दार, आत शिरताच गणपतीची मूर्ती, पुढे लखलखीत फरशी. गणपती दिसला, मी चपला बाहेर काढल्या. आमच्याकडे कोणीही काढेल. अनवाणी आत गेले आणि बघते तर सगळ्यांच्या पायांत पांढरेशुभ्र बूट. टेबलाखालून वाकून कोणीतरी माझे पाय बघितले.

“अगं, देऊळ नाहीये हे,” अद्वैत सर म्हणाले. हसू पिकलं. मी परत जाऊन चपला घालू लागले, तर घाईत अंगठा पट्ट्यात शिरेना. काचेच्या दाराबाहेर एका पायावर उभी राहून मी धडपडत होते आणि आतले सगळे बघत होते. त्या वेळी चेहऱ्यावर जे होतं ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं. ते असं कामाला येईल असं तेव्हा त्यांनाही वाटलं नसेल.

मी आत आले तेव्हा ते म्हणाले, “आणि हे सर वगैरे नको हं. इथे सगळे समान. मला नुसतं अद्वैत म्हण.”

माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही. मी ‘अद्वैत सर’च म्हणत राहिले.

काम मला आवडलं. हे खोटं नाही सांगणार. फोन वर-खाली सरकवणारा अंगठा एका ओळीवर थांबवायचा, यात मजा आहे. कोण कुठे थांबलं, कुठून परत गेलं, हे सगळं पडद्यावर दिसतं. मी लवकर शिकले. पण ईशा क्लायंटच्या मीटिंगला जायची आणि मला तक्रारी बघायला बसवलं. जाहिरातींवर लोक कायकाय लिहितात, ते वाचायचं, वेगळं काढायचं, उत्तर द्यायचं. “तुझा पेशन्स चांगला आहे,” सर म्हणायचे.

तक्रारींतून मला एक कळलं. शिव्या कितीही येवोत, कोणाचं काही वाकडं होत नाही. पण एखाद्याने ‘हा फोटो माझा आहे, मला न विचारता लावलाय’ अशी तक्रार केली, तर जाहिरात आधी बंद होते, चौकशी मागाहून. कधी कधी एजन्सीचं अख्खं खातंच अडकून पडतं, सगळ्या क्लायंटच्या जाहिरातींसकट. सर कशालाच घाबरत नसत, एवढ्याला घाबरत. “फोटोवाली तक्रार आली की जेवत असेन तरी मला उठव,” असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं.

दुसरी शिकले ती माग काढायची कला. तुम्ही एकदा एखाद्या क्लासच्या, चपलेच्या, कशाच्याही पानावर डोकावलात, की ती जाहिरात तुमच्यामागे लागते. बातम्या वाचा, ती आहे. गाणं लावा, ती आहे. ऑफिसात याला रिटार्गेटिंग म्हणत. माझी आई लहानपणी सांगायची, तिवाट्यावर उतरवून टाकलेलं ओलांडू नको, मागं लागते. मी मनात त्याला बाधाच म्हणायचे.

ऑफिसची एक पद्धत होती. जाहिरात सुरू करताना आपल्या सगळ्यांचे फोन त्यातून वगळायचे. आपलीच जाहिरात आपल्यालाच दाखवून काय फायदा? सगळे वगळले गेले. ईशाने आपला फोन आठवणीने वगळून घेतला. माझा राहिला, कारण पान नीट उघडतं का ते तपासायला दिवसभर माझाच फोन वापरत होते. “माझा पण काढा ना,” मी म्हटलं. “करतो गं नंतर,” उत्तर आलं. मुद्दाम कोणी केलं नाही. मी लक्षात राहण्यासारखी नव्हते, एवढंच.

आणि मग मी माझ्या मागे लागले.

सकाळी हवामान बघायला फोन उघडला तर मी. तेलकट, पिनांनी खांदे बांधलेली, बॅग पोटाशी धरलेली. खाली ओळ: ‘किती दिवस अशीच राहणार?’ ओळ ईशाची. बसची वेळ बघायला गेले तर मी. भाजीची रेसिपी उघडली, मिठाचं प्रमाण येईपर्यंत मध्ये मी. किती दिवस अशीच राहणार? माझंच तोंड, माझाच प्रश्न, मलाच. फोन पालथा घालून ठेवायची सवय लागली. आरशात वेणी घालताना हात थबकायचा. समोर नेमकी कोण आहे याची खात्री वाटेनाशी झाली. मला भीती वाटत होती. नुसती लाज नाही, भीती. ती मुलगी जाता जाणार नाही, ती माझ्या आत राहायला आलीये, असं वाटायचं.

बसमध्ये पुढच्या सीटवर एक कॉलेजची मुलगी फोन बघत होती. तिच्या अंगठ्याखालून मी सरकले. मुलगी थांबली. मैत्रिणीला दाखवलं, दोघी फिस्सकन हसल्या. मी तिच्या मागे उभी होते, दांड्याला धरून. मागे वळली असती तर काय झालं असतं, याचा विचार करत मी अलीकडच्याच थांब्यावर उतरले.

त्यात फोनची काच तडकली. बुधवार पेठेत दुरुस्तीला नेला. दुकानातल्या काकांनी काच बसवली, नेट चालतं का बघायला काहीतरी उघडलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. परत फोनकडे. परत माझ्याकडे.

“आपणच का हो या?”

मी हो म्हटलं. खोटं सुचलं नाही.

“मग क्लासचा फारसा उपयोग झालेला दिसत नाही,” काका म्हणाले, आणि शांतपणे पुढच्याचा फोन हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. म्हटलं, माझा फोटो बदला.

“वेडी आहेस का? आपली सगळ्यात जोरात चाललेली जाहिरात आहे ती. तुझा चेहरा काम करतोय. लोकांना तुझ्यात स्वतःला बघता येतं.” त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. “हे बघ, वर्ष संपत आलंय तुझं. कायम करायचंय ना आपल्याला? मग असं छोट्या छोट्या गोष्टींत अडकू नकोस.”

मी अडकले नाही. गप्प बसले. जाहिरातीच्या कोपऱ्यात तीन टिंबं असतात, ती दाबली की तक्रार करता येते. माझा अंगठा त्या टिंबांपर्यंत कितीदा तरी गेला आणि परत आला. कायम व्हायचं होतं. बाबांनी मिरवलेलं खरं करायचं होतं. लाथ दुभत्या गाईची असेल तर खावी, म्हणतात. मी खात होते.

पुढच्या आठवड्यात क्लासवाल्यांना गावाकडची मुलं हवी झाली. सरांनी पडद्यावर नकाशा उघडला आणि नागपूरपासून यवतमाळपर्यंत एक गोल ओढला.

“तुझ्याकडचीच माणसं,” ते माझ्याकडे बघून म्हणाले. कौतुकाने.

“सर, माझं गाव तेवढं वगळा.”

“गाव?”

“वगळता येतं. मी करते.”

“एका गावासाठी कुठे खेळ करत बसतेस. आणि अगं, त्यांना अभिमानच वाटेल.”

त्यांनी बटण दाबलं. मी बघत उभी होते. त्या गोलात आमचं दुकान होतं, आणि दुकानातलं बाकडं. नेट स्वस्त झाल्यापासून त्या बाकड्यावर बसलेल्या प्रत्येकाच्या हातात फोन असतो. हे सरांना ठाऊक नव्हतं असं नाही. गोल त्यासाठीच तर ओढला होता.

दोन दिवस काही झालं नाही. मग दुपारी बाबांचा फोन आला. दुकानाच्या वेळात बाबा कधी फोन करत नाहीत. मी जिन्यात गेले.

“जेवली काय?”

“हो.”

मागून कोणाचं तरी हसू ऐकू येत होतं, आणि पाणी उडवायच्या फवाऱ्याचा आवाज.

“तुया फोटो दिसते इथं,” बाबा म्हणाले. “पोट्टे हासून रायले व माय.”

मी पायरीवर बसले.

“तेल कोनं लावलं?”

“हापिसात लावलं, बाबा. फोटोसाठी.”

“तुले इचारून लावलं?”

“नाही.”

“मंग?”

बाबा एवढंच म्हणाले. मंग? रागावले नाहीत. त्यांना खरंच कळत नव्हतं. आयुष्यभर लोकांच्या डोक्याला हात लावून पोट भरलेला माणूस. न विचारता कोणी कोणाच्या डोक्यावर तेल ओतू शकतं, आणि ज्याचं डोकं आहे ते माणूस नुसतं उभं राहतं, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. त्यांना वाटलं असणार, मधलं काहीतरी सांगायचं राहिलं. मी उठले असेन, बोलले असेन, हात झटकला असेन. ते त्याचीच वाट बघत होते. आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. मी म्हटलं, काम आहे, ठेवते.

जिन्यात बसून मी रडले. मग रडणं थांबलं आणि तो एक शब्द राहिला. तोही मागे लागला. जाहिरात विचारायची, किती दिवस अशीच राहणार? आणि तिच्यामागून बाबा विचारायचे, मंग? जेवताना, बसमध्ये, डोळे मिटल्यावर. दोघं मिळून मला झोपू देत नव्हते. वाघोलीच्या खोलीतल्या मुली म्हणाल्या, बारीक झालीस. आईने फोनवर बाबांचं सांगितलं. मोठ्या आरशावर कापड टाकलंय म्हणाली, आरसा खराब झाला म्हणतेत. आरसा खराब झाला नव्हता. माझ्या बापाला स्वतःच्या दुकानात स्वतःचं तोंड बघवत नव्हतं.

वर्ष संपता संपता सरांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. क्लासचे मालकही आले होते, सोफ्यावर बसले होते. सर म्हणाले, “एक आनंदाची बातमी. हिला आपण कायम करतोय.” टाळ्या झाल्या. ईशाने मला मिठी मारली. तिची मिठी खोटी नव्हती, हे मुद्दाम सांगते. “आणि दुसरी सिरीज करतोय. मोठी. हीच आपला चेहरा. चला, लगेच दोन-चार फोटो काढून घेऊ, मालक आहेत तोवर.”

तीच मेकअपवाली बाई आली होती. तीच भिंत. ईशासाठी नवा ब्लेझर हँगरला. टेबलावर तेलाची बाटली. तीच. अर्धी रिकामी. म्हणजे त्यांनी ती जपून ठेवली होती, इतके दिवस, कुठल्यातरी खणात, माझ्यासाठी.

“सर,” मी म्हटलं, “या वेळी ‘नंतर’मध्ये मी उभी राहते.”

सगळे थांबले. मी थट्टा करत असेन म्हणून कोणीतरी हसून बघितलं.

“वर्षभर मी इथे शिकले ना? बदललेच असेन. ‘आधी’चा माझा फोटो आहेच तुमच्याकडे. आता ‘नंतर’चा काढा. खरा होईल.”

अद्वैत सरांनी मालकांकडे बघितलं. मालकांनी माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि खिडकीबाहेर नजर वळवली.

“पटणार नाही गं लोकांना,” सर म्हणाले. अगदी मायेने म्हणाले. “बघणाऱ्याचा विश्वास बसला पाहिजे ना.”

ईशा बुटांकडे बघत होती. “चिल ना यार,” ती हळूच म्हणाली. “फोटोच तर आहे.”

मला तेव्हा लखलखीत दिसलं. वर्षभर शिकले काय, दहा वर्षं शिकले काय. कायम केलं होतं ते मला नव्हे, त्या डाव्या चौकटीला. उजवीकडची जागा शिकून मिळणारी नव्हतीच. ती ईशा रुजू झाली त्याच दिवशी तिच्या पायांतल्या बुटांना मिळाली होती. ‘सगळे समान’ असं म्हणणारा माणूस मापायची पट्टी घेऊनच बसला होता.

मेकअपवाली बाई माझ्या मागे आली. बाटलीचं झाकण फिरलं, तो आवाज मी ऐकला. मी वळले आणि तिचा हात मनगटात धरला.

“बाटली खाली ठेवा.”

ती सरांकडे बघू लागली.

“त्यांच्याकडे नका बघू. डोकं माझं आहे. मला विचारा.”

“अगं, काय तमाशा...” सर उठले.

मी फोन काढला. बातम्यांचं पान उघडलं. शोधावं लागलं नाही. आलीच ती, मागे लागलेली, तेलकट, घाबरलेली. किती दिवस अशीच राहणार? मी फोन सगळ्यांसमोर धरला.

“ही तुमच्यापैकी कोणाच्या फोनवर येते?”

ईशाने स्वतःच्या फोनकडे बघितलं.

“नाही येणार. तुम्ही सगळ्यांनी स्वतःला वगळून घेतलंय. फक्त माझ्या फोनवर येते. आणि माझ्या बापाच्या दुकानात येते.”

कोपऱ्यातली तीन टिंबं दाबली. यादी उघडली. ‘हा फोटो माझा आहे.’ ‘माझी परवानगी नाही.’ अंगठा या वेळी परत आला नाही. मग सरांकडे बघून म्हटलं, “फोटोवाली तक्रार आलीये, सर. तुम्ही सांगितलं होतं लगेच सांग म्हणून.”

त्यांचा चेहरा उतरला. ते कॉम्प्युटरकडे धावले. मालक सोफ्यावरून उठून काय झालं, काय झालं विचारू लागले. मग अद्वैत सर ओरडले, वर्षात पहिल्यांदा. “सर्टिफिकेट मिळणार नाही तुला! पुण्यात कुठे उभी राहतेस ते बघतो!” समानता एवढीच टिकली.

मी बॅग घेतली. पोटाशी धरायला लावलेली, तीच. काचेच्या दारातून बाहेर पडले.

सर्टिफिकेट मिळालं नाही. जाहिरात त्याच संध्याकाळी बंद पडली, खातं काही दिवस अडकलं, मग सुटलं. एजन्सी आजही चालू आहे. ‘आधी’मध्ये आता दुसरी एक मुलगी असते. ती कुठली असेल ते तिच्याकडे बघून मला ओळखता येतं. माझा फोटो आमच्या तालुक्यातल्या ग्रुपांवर अजून फिरतो, पोरांनी त्याखाली स्वतःच्या ओळी लिहिल्यात. मिटवून मिटत नाही. खडकीत एका छोट्या ऑफिसात मला काम मिळालं, तिथल्या क्लायंटनेही एकदा विचारलं, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय. अजूनही पहाटे जाग येते तेव्हा ती मुलगी खाटेच्या पायथ्याशी बॅग धरून उभी असते. ती गेली असं मी कोणाला सांगणार नाही. ती गेलेली नाही.

तक्रार केली त्याच दिवशी बाबांना फोन केला होता. सगळं सांगितलं, बाईचा हात धरला तेही. बाबा म्हणाले, “बराबर.” आरशावरचं कापड त्यांनी काढलं की नाही, मी विचारलं नाही. गावाला गेले की दिसेल.

मी हेच काम करते, आणि करत राहणार. मोबाईलची भिंत काही त्यांच्या बापाची नाही. पण मी ज्या जाहिरातीला हात लावीन, तिच्या दोन्ही चौकटींत एकच माणूस असेल, आणि त्याला आधी विचारलेलं असेल. नसेल तर मी ती करणार नाही, मग नोकरी राहो की जावो. मुलाखतीला जाते तिथे तो फोटो मी आपणहून दाखवते. म्हणते, ही मी, याच तोंडाने काम करणार. बघून घ्या आत्ताच, नंतर कुजबुज नको.

आणि पुन्हा कोणी न विचारता बाटली उघडली, तर त्याचाही हात मनगटात धरीन. आणि त्या वेळी सोडणार नाही.